ठिपक्याला धुरी

हवा कुणाच्याही मालकीची नसते. हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा ओढतो आणि मुलं ते वहीत उतरवेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभा राहतो. हिवाळ्यात खिडकीबाहेर काहीच दिसत नाही, त्यामुळे वाक्य आणखी भारदस्त वाटतं. पण जानेवारीतल्या एका सकाळी, कॉलेजात पहिल्या तासाआधी चहात बुडवलेला बोर्सोक, म्हणजे कणकेचा तळलेला तुकडा, मऊ व्हायची वाट बघत असताना, आस्तानाहून माझ्या मुलीचा, बेगिमायचा संदेश आला. ‘पापा, आपलं घर जांभळं झालंय.’ तेव्हा माझ्या लक्षात आलं की हवा मालकीची असते. निदान आमच्या अंगणावरची तरी माझ्या नावावर लागलेली आहे. नकाशावर तसं छापलंय: तोलोगोन आगाय. आगाय म्हणजे गुरुजी. बिश्केकच्या उत्तर कडेला, जिथे शहराचा धूर येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही, तिथे माझ्या नावाचा एक ठिपका, आणि तो पिकलेल्या जांभळासारखा जांभळा. बोर्सोक तेवढ्यात विरघळून पेल्याच्या तळाशी गेला.

ठिपक्याचं मूळ व्हरांड्याच्या वळचणीला होतं. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, तिला निळा दिवा. शरद ऋतूत कुठल्याशा परदेशी संस्थेने शहरातल्या पर्यावरणाच्या मास्तरांना या डब्या वाटल्या होत्या. ही हवा हुंगते, तिच्यातली बारीक धूळ मोजते आणि आकडा जगाला कळवते. नकाशावर आधी हिरवा, मग पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा. जांभळ्याच्या पुढे एक तपकिरीही आहे, पण तो संस्थेने नुसती सोय म्हणून ठेवला असावा अशी माझी समजूत होती. डबी टांगताना मला थोडा अभिमान वाटला होता हे खरं. स्टुलावरून उतरून मी बेगिमायला फोन करून म्हटलं होतं, आता तुला तिथे बसून आपल्या घराची हवा दिसेल. आणि तिनं, किती तरी दिवसांनी, हसून म्हटलं होतं, “मग रोज सकाळी चहाबरोबर बघत जाईन.”

ते हसणं मला हवं होतं. माझी बायको सायरा गेली त्या जुलैत साथीमुळे सीमा बंद होत्या; आईला माती द्यायला बेगिमाय येऊ शकली नव्हती, आणि नंतर आली ती पाहुण्यासारखी, बॅग न उघडता. चार दिवस मामाकडे उतरायची, आमच्याकडे जेवायला यायची. मग गेल्या उन्हाळ्यात ती पोटुशी राहिली आणि तिनं आपणहून म्हटलं, “पापा, बाळंतपणाला घरी येते.” आमच्याकडे खरं तर ते सासरचं काम. तिची सासू तालासहून आस्तानाला जायला एका पायावर तयार होती, लोकरीचे मोजे विणून बसली होती. पण मुलीला माहेर आठवलं. आईच्या खोलीत झोपेन म्हणाली. मी त्या खोलीला चुना काढला, पडदे धुतले, खिडकीच्या फटीत कापूस कोंबला. आणि आता हे जांभळं.

“जांभळं म्हणजे नक्की किती?” मी फोन करून विचारलं.

“दोनशे चाळीसच्या वर. पापा, इथली डॉक्टर मला सिगारेट ओढणाऱ्याच्या बाजूनंसुद्धा चालू नको म्हणते. आणि मी तिथं येऊन काय करू? श्वास बरोबर बांधून आणू?”

“सगळं शहरच असं आहे गं. हिवाळा आहे.”

“सगळं शहर लाल आहे. शेजारची सगळी घरं लाल आहेत. आपलंच एकटं जांभळं. का?”

पलीकडे तिनं चहाचा घोट घेतल्याचं ऐकू आलं. मग ती शांतपणे म्हणाली, “तुम्हीच शिकवता ना हे? मी सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. पण महिन्याभरात ठरवायला हवं. त्यानंतर मला विमानात घेणार नाहीत.”

फोन ठेवल्यावर माझी जीभ आपसूक खालच्या ओठामागे गेली, रिकामी जागा चाचपून आली. तिथे मी नासवाय ठेवतो. हिरव्या बारीक गोळ्या, चुन्याच्या आणि तंबाखूच्या, तिथे धरल्या की आधी भाजतं, मग डोक्यात कुणी तरी खिडकी उघडल्यासारखं होतं, आणि मग काहीच होत नाही. त्या काहीच न होण्यासाठी माणूस पुन्हा ठेवतो. सायराला वास यायचा. ती बोलायची नाही, नुसती उशी उचलून दुसऱ्या बाजूला घ्यायची. मी शिकवतो त्या विषयाचं पूर्ण नाव ‘पर्यावरणशास्त्राची मूलतत्त्वे, प्रदूषण नियंत्रण आणि व्यसनप्रतिबंध’ असं आहे. तीन वेगळे विषय होते, पण एकाचेही तास पुरेसे भरेनात, तेव्हा आमच्या संचालिकाबाईंनी ते जोडले. “तिन्ही एकच तर आहेत, आगाय,” त्या म्हणाल्या होत्या. “आत काय घ्यायचं नाही, एवढंच शिकवायचंय.” मी तेव्हा मान डोलावली होती आणि तोंड बंदच ठेवलं होतं, कारण ते रिकामं नव्हतं.

आपलंच एकटं जांभळं, का? हा प्रश्न घेऊन मी दिवसभर फिरलो. ट्रॉलीबसमध्ये काचेवर जमलेलं वाफेचं पाणी बोटानं पुसलं तर बोट काळं झालं, आणि मला वाटलं, हे तर सगळ्यांच्याच बोटाला येत असणार, मग माझ्याच घराच्या बोटाला जास्त कसं? आमच्या गल्लीत सगळे कारा-केचेच्या खाणीचाच कोळसा जाळतात. मीही जाळतो. पर्यावरणाच्या मास्तरालाही थंडी वाजते. संध्याकाळी मी मोबाइलवर आलेख काढून बसलो. दिवसभर आमची रेघ शेजाऱ्यांच्या रेघेला खेटून चालत होती, सगळ्यांसारखी लाल. पण सकाळी, नेमकी बेगिमायच्या चहाच्या वेळेला, ती एकदम सुळक्यासारखी वर जायची आणि तासाभरात ओशाळून खाली यायची. रोज. म्हणजे सकाळी कुणी तरी काही तरी पेटवत होतं. आणि सकाळी आमच्या गल्लीत मुद्दाम पेटवणारा एकच माणूस होता, भिंतीला भिंत लागून राहणारा शार्शेन, ज्याचा हमाम आहे.

शार्शेन गल्लीला आंघोळ घालतो. आमच्याकडे नळाचं पाणी गोठतं, त्यामुळे हा काही लहानसहान धंदा नाही. कोळसा महागला तसा तो शिवणाच्या कारखान्यांतून कातरण आणून जाळू लागला. पोतीच्या पोती चिंध्या, नायलॉन, अस्तर, चेनच्या कडा. त्याच्या धुराड्यातून कधी निळा धूर निघतो, कधी पिवळसर, आणि बाजारात कुठल्या रंगाची फॅशन चालू आहे ते त्यावरून कळतं असं गल्लीत गमतीनं म्हणतात. मी कुंपणापाशी जाऊन त्याला हाक मारली. तो बनियनवर बाहेर आला, अंगातून वाफा निघत होत्या.

“शार्शेन, तू सकाळी काय जाळतोस?”

“बायकांचे झगे,” तो म्हणाला. “कालपासून जरा गुलाबी येतायत. का हो आगाय?”

“माझ्या मुलीला पोटात बाळ आहे. तुझ्या धुरापायी ती घरी यायला तयार नाही.”

“आस्तानापर्यंत जातो माझा धूर?” त्याला मनापासून आनंद झालेला दिसला. “अहो, गेल्या मंगळवारी तुम्हीच दीड तास बसला होता की आत. तेव्हा नाही विचारलंत, शार्शेन, हे पाणी कशावर तापलंय म्हणून.”

“तू विष पसरतोयस. लहान मुलांच्या छातीत जातं ते.”

“आणि तुमच्या ओठाखाली काय आहे? जर्दाळू?” तो कुंपणावर रेलला. “कोंबडीची विष्ठा घालतात त्यात, ठाऊक आहे ना? मास्तर कोंबडीची शीट चघळतो आणि मला सांगतो हवा स्वच्छ ठेव. जा, जा. आधी थुंकून या, मग भांडू.”

मी थुंकलो नाही. मी गिळलं, आणि उचकी लागली, आणि उचक्या देत घरी येऊन तक्रार लिहिली. तक्रार चांगली झाली होती. त्यात बारीक कणांचा व्यास होता, गर्भावर होणारे परिणाम होते, आलेख जोडला होता. त्याच आठवड्यात एक तपासनीस आला, त्यानं कातरणीच्या पोत्यांचे फोटो काढले आणि हमामाच्या भट्टीला सील ठोकलं. गल्लीला आंघोळ बंद झाली. दुकानात बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या, ब्रेडच्या रांगेत माझ्या पुढची म्हातारी नाकाला रुमाल लावून मोठ्यानं म्हणाली, “माझाच वास येतोय मला. आगायना विचारा, आता हवा शुद्ध झाली का.” मी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात जाईपर्यंत मोबाइल उघडला नाही. सुखाची वाट बघताना माणूस उगीच लांबवतो तसं. वर्गात शिरल्यावर टेबलावर ठेवून उघडला. जांभळा. शार्शेनची भट्टी थंड होती, आणि आमची रेघ नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या उंचीला, सुळक्यासारखी उभी होती. खाली बेगिमायचा संदेश होता. त्यात शब्द नव्हते, नुसतं जांभळ्या वांग्याचं छोटं चित्र होतं.

त्या तासाला व्यसनप्रतिबंध होता. मी बोलत होतो, पण मला माझा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. ‘स्थानिक वनस्पतींतील अमली द्रव्ये’ असा धडा. भांग, अफू, एफेड्रा, आणि शेवटी आदिराशमान. रस्त्याकडेला, कबरस्तानात, कुठेही उगवणारं झुडूप. आमच्याकडे वाळवून त्याची धुरी देतात, दृष्ट काढायला, रोगराई घालवायला. मी सांगितलं की त्याच्या बियांत मेंदूवर काम करणारी द्रव्यं असतात. वर्गात हसू फुटलं. पुढच्या बाकावरची आयपेरी, जी कधीच वहीत काही लिहीत नाही आणि तरी पास होते, तिनं हात वर केला.

“आगाय, म्हणजे आमची आजी अमली धंद्यातली झाली की. ती आख्ख्या मजल्याला पुरवते.”

“माझी तर गाईला देते,” मागून कुणी तरी म्हणालं. “गाय खूष असते.”

“आमची आजी वायफायच्या डब्याला देते,” आयपेरी म्हणाली. “इंटरनेटमधून वाईट गोष्टी येतात ना, म्हणून. रोज सकाळी तीन फेरे. आता नेट चालत नाही, पण आजी म्हणते, शुद्ध तरी आहे.”

सगळे हसले. मीही हसलो असणार, कारण गालाचे स्नायू हलल्याचं जाणवलं. आणि मग हसणं तोंडातच राहिलं. डब्याला. रोज सकाळी. पुढचा तास मी कसा घेतला ते मला सांगता येणार नाही. घरी जाऊन विचारावं असं वाटत होतं आणि विचारू नये असंही. कारण आमच्या घरी मी सकाळी सातला बाहेर पडलो की मागे फक्त आपा असते, माझी आई.

आपाला धुरीचा संशय घेणं म्हणजे एके काळी मोठा विनोद झाला असता. ती आयुष्यभर स्वच्छता निरीक्षक होती. पांढरा कोट, क्लोरीनची बादली, शिट्टीसारखा आवाज. सोव्हिएत काळात तिनं प्रसूतिगृहात चोरून आदिराशमान पेटवणाऱ्या बायकांना दंड केले होते. लग्नघरात शिरून चहाच्या समोवारवर क्लोरीनचं पाणी ओतलं होतं. लहानपणी माझ्या हाताला कायम पोहण्याच्या तलावाचा वास यायचा. धूर म्हणजे अडाणीपणा, असं ती म्हणायची आणि माझे कान पुसायची. मग तो जुलै आला. रुग्णवाहिका येईनात, ऑक्सिजनच्या नळकांड्यांसाठी लोक गाड्या विकू लागले, आणि एका संध्याकाळी सायरानं खिडकी उघडा म्हटलं. मी उघडली. बाहेर प्रत्येक घरातून आदिराशमानचा धूर निघत होता, गोडसर, कडवट, सबंध वस्ती एखाद्या मोठ्या तव्यावर भाजत ठेवल्यासारखी. सायरानं हात हलवला, बंद करा म्हणाली. आपा तेव्हा दारात उभी होती. दुसऱ्या आठवड्यात, सगळं झाल्यावर, तिनं बाजारातून पहिली जुडी आणली. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती म्हणाली, “क्लोरीननं काय झालं?” त्यावर माझ्यापाशी काही शास्त्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात पोट दुखतंय असं कळवलं, आणि ते खरंच दुखायला लागलं. कोट घालून नेहमीसारखा दारातून बाहेर पडलो, कोळशाच्या खोपटाला वळसा घातला आणि तिथे, स्वतःच्याच अंगणात चोरासारखा, उभा राहिलो. थोड्या वेळानं व्हरांड्याचं दार उघडलं. आपा एका हातात लोखंडी पळी, दुसऱ्यात स्टूल घेऊन आली. स्टूल वळचणीखाली ठेवलं, दोनदा हलवून पक्कं केलं. पळीत निखारे होते. त्यावर तिनं खिशातून चिमूट काढून टाकली, निरीक्षकाला शोभेल अशी, ना कमी ना जास्त. बिया तडतडल्या. मग ऐंशी वर्षांची माझी आई स्टुलावर चढली आणि तिनं त्या पांढऱ्या डबीभोवती धुराचे फेरे घालायला सुरुवात केली. डबी निळा डोळा लावून हुंगत होती.

“आपा! उतरा खाली, पडाल! काय चाललंय?”

ती दचकली नाही. “दिसत नाही? धुरी देतेय. तू गेला नाहीस?”

“डबीला धुरी?”

“डबीला कशाला देऊ, ती काय गाभण आहे? मुलीला देतेय.” तिनं पळी जरा डबीच्या आणखी जवळ नेली. “तूच सांगितलंस ना, सकाळी चहा पिताना ती यातून घर बघते. मग मी तेव्हाच देते. बघत असतानाच लागली पाहिजे, मागाहून देऊन काय उपयोग? पोटुशी बाई, त्या परक्या गावात कोण कोण डोळा ठेवत असेल. इथून तरी तिला थोडं काही जावं.”

“ती घर बघत नाही हो आपा. आकडा बघते.”

“घराचाच आकडा ना?”

“हो.”

“मग झालं.” ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरली. तिचा हात हलका होता, पळीचा वजनदार. तोंड माझ्याकडे न करता तिनं विचारलं, “पोचतं का रे तिच्यापर्यंत?”

या जागी मला सांगता आलं असतं. सोपं वाक्य होतं. धूर म्हणजे जळलेल्या पदार्थाचे हवेत तरंगणारे कण. मी ते शेकडो मुलांना सांगितलंय. पण आपाच्या डोळ्यांत धुरानं पाणी आलं होतं, आणि ते धुराचंच आहे याची मला खात्री वाटेना, आणि माझ्या तोंडून निघालं, “पोचतं. जांभळं पोचतं.”

“म्हणजे चांगलं?”

“वरचंच म्हणायचं. जवळजवळ सर्वांत वरचं.”

“जवळजवळ?” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं मूठभर टाकलं, आणि आम्ही तपकिरी झालो. शहराच्या नकाशावर असा एकच ठिपका होता. एका बातमीदारानं मला फोन करून विचारलं की वस्तीत काही स्फोट वगैरे झालाय का. बेगिमायनं फोन केला नाही. तिनं फक्त लिहिलं: ‘सासूबाईंना सांगू का?’ मी उत्तरादाखल लिहिलं, ‘थांब. दुरुस्ती चालू आहे.’ कशाची ते लिहिलं नाही.

मग मी जे केलं त्याला वर्गात मी प्रदूषण नियंत्रणच म्हटलं असतं. आपा झोपलेली असताना दुपारी डबी काढली आणि तिच्या जागी दाराच्या जुन्या घंटेचं पांढरं खोकं टांगलं, आत एक निळा दिवा बसवून. आपा दुसऱ्या दिवशी त्याला फेरे घालू लागली. खोकं काही हुंगत नव्हतं, काही कळवत नव्हतं. आशीर्वाद घ्यायला तेवढं पुरेसं होतं. खरी डबी मी घराच्या पाठीमागे, उत्तरेच्या भिंतीला लावली. हे अजून प्रामाणिकपणात बसत होतं. आम्ही लाल झालो, सगळ्या शहरासारखे. मला इतका आनंद झाला की मी लाल ठिपका आपालाही दाखवला. ती म्हणाली, “हा जांभळ्याच्या खाली ना? मग उतरलं कशानं?” आणि बेगिमाय म्हणाली, “बरं झालं, पापा. पण लालच ना. इथं आज हिरवं आहे. इथं वारा सुटला की माणूस उडून जाईल, पण हिरवं आहे.” ती वाईट बोलत नव्हती. थकल्या आवाजात बोलत होती, मनात बॅग भरून पुन्हा काढणाऱ्या माणसासारखी. “काय करू, तुम्हीच सांगा.”

मी डबी तळघरात नेली.

तिथे बटाटे होते, गाजरं वाळूत पुरलेली, सायराच्या हातच्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या उरलेल्या बरण्या, ज्या कुणी उघडत नाही. ना शेगडी, ना फट. मी डबी बरण्यांच्या मागे ठेवली, झाकण ओढलं, वर आलो आणि मोबाइल हातात धरून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या. लाल. नारिंगी. पिवळा पिवळा म्हणत असतानाच तो हिरवा झाला. एवढ्या मोठ्या लाल नकाशात एकच हिरवा ठिपका, माझ्या नावाचा. मोठमोठी माणसं मोजणीची यंत्रं बागेतल्या झाडाखाली कशी लावतात, हे मी वर्गात चेष्टेनं सांगत असे आणि मुलं हसत. त्यांना निदान बाग तरी लागते.

फोन लगेच आला. “पापा! हिरवं! कसं काय?”

“हमाम बंद झाला,” मी म्हटलं. हमाम सोमवारीच पुन्हा सुरू झाला होता. सील तोडायला तपासनीस स्वतः आला होता आणि जाताना आंघोळ करून गेला होता. “शिवाय वारा आहे.”

“मिर्लान, बघ, पापांचं हिरवं झालं!” ती नवऱ्याला ओरडून सांगत होती. मग जवळ येऊन, हळू, लहानपणी परीक्षेचा निकाल विचारायची त्या आवाजात म्हणाली, “मग काढू तिकीट?”

जीभ ओठामागे गेली. तिथे नासवाय होतं आणि मला त्याची चव लागेना. आत काय घ्यायचं नाही, एवढंच शिकवायचंय. मी मुलीला बोलावत होतो, तिच्या आत जे होतं त्याच्यासकट, या हवेत. आईच्या खोलीत, चुना काढलेल्या भिंतींमध्ये. ती पहिल्या सकाळी खिडकी उघडेल. मी म्हटलं, “काढ.”

ते दिवस मी कसे घालवले? चुळबुळीत. वर्गात बोलता बोलता वाक्य मध्येच विसरून जाई. तीन वेळा तिला फोन लावला, खरं सांगायचं ठरवून. पहिल्यांदा म्हटलं, गरम मोजे आण. दुसऱ्यांदा म्हटलं, सासूबाईंना नमस्कार सांग. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, “पापा, रोज हिरवं आहे. रोज सकाळी बघते. मला रडूच येतं,” आणि मी म्हटलं, मलाही. संध्याकाळी मी तळघरात जाऊन बसू लागलो. मुरंब्याच्या बरण्यांसमोर उलट्या टोपलीवर, अंधारात, निळ्या दिव्याच्या उजेडात. आमच्या घरात तेवढी एकच जागा खोटी नव्हती: इथली हवा खरोखर हिरवी होती. मी हळूहळू श्वास घ्यायचो. बटाट्यांचा ओला, मातकट वास यायचा, सायराच्या हाताला शरद ऋतूत यायचा तसा. कधी कधी वाटायचं, खाट इथेच आणावी. बेगिमायला सांगावं, बाळे, तू उतर खाली, इथे तुझ्या आईची जर्दाळू आहेत, इथे झोप, बाळ इथेच होऊ दे, आणि वर कुणी विचारलं तर सांगू की आम्ही हिरवे आहोत. मग मोबाइल बघितला तर आकडा पिवळ्याकडे सरकलेला असायचा. माझ्या कोटावरचा धूर. मी गुपचूप उठून वर यायचो.

ती यायची त्या सकाळी माझी गाडी थंडीनं चालू होईना. गल्लीत एकाच माणसाची गाडी चालू होते, कारण ती रात्रभर हमामाच्या भिंतीला टेकलेली असते. शार्शेननं हॉर्न वाजवला. “बसा, आगाय. मुलगी येतेय ना? आपानं सांगितलं. सबंध गल्लीला सांगितलंय.” रस्ता दिसत नव्हता. पुढच्या गाडीचे दिवे दोन मिणमिणत्या काड्यांसारखे येत आणि विझत. शार्शेन काच खाली करून डोकं बाहेर काढून चालवत होता.

“आज कुणाची तक्रार करायची?” तो म्हणाला. “माझी भट्टी तर अजून पेटायचीय.”

“राहू दे, शार्शेन.”

“नाही, मी आपला विचारतोय. मी एक साधा माणूस, गुलाबी झगे जाळतो. एवढं मी एकट्यानं केलं म्हणता?” त्यानं धुराकडे हात फिरवला, आणि आवाजात पुन्हा तो आनंद आला. मग थोड्या वेळानं, वेगळ्या स्वरात, “तिला येऊ द्या. मी आठवडाभर सुकं लाकूड जाळीन. वाकडी नजर नको माझ्यावर, गरोदर बाईची.”

मी खिशातून नासवायची पुडी काढली, काच उघडी होती, बाहेर टाकली. कारण कुणी विचारू नये. त्याला वाटलं मी काही तरी पाडलं, त्यानं गाडी हळू केली. मी म्हटलं, चल.

विमानतळावर लोक फलकाखाली माना वर करून उभे होते. आस्तानाच्या विमानापुढे ‘वेळेवर’ लिहिलं होतं, मग ‘उशीर’, मग बराच वेळ काहीच नाही. वरून कुठून तरी इंजिनाचा आवाज आला, जवळ आला, डोक्यावरून गेला, पुन्हा आला. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. शार्शेन म्हणाला, “वर आहे ती. फिरतेय.” आवाज आणखी एकदा आला आणि मग लांब लांब जात विरला.

तिचा फोन आला तेव्हा मागे दुसऱ्याच शहराची घोषणा ऐकू येत होती. “पापा, आम्हाला अल्माटीला उतरवलंय.”

“बरी आहेस ना? मधला घाट बंद आहे, बर्फ पडलंय, पण मी काही तरी...”

“बरी आहे. पापा, मी खिडकीपाशी होते. वर ऊन होतं, डोंगर लख्ख दिसत होते. आणि खाली शहर नव्हतंच. नुसतं तपकिरी झाकण ठेवलेलं. मी आपलं घर शोधत होते. म्हटलं, हिरवं आहे, दिसेल.”

शार्शेन माझ्याकडे बघत होता, मग त्यानं दुसरीकडे बघितलं.

“पापा?”

“हं.”

“डबी कुठे आहे?”

“तळघरात,” मी म्हटलं. “आईच्या जर्दाळूंमागे.”

ती हसली की काय केलं ते कळलं नाही. घोषणा चालू होती. मग म्हणाली, “ते परतीच्या विमानात बसायला बोलावतायत,” आणि फोन बंद झाला.

फलकावर कारण लिहिलं होतं: धुकं. नात एप्रिलमध्ये आस्तानात झाली. बाळंतपणाला तिची सासू गेली होती.